स्वच्छ नमुना

नाव

डेल्मिरा यारांगा. एवढं उत्तर तिने न अडखळता दिलं.

वय

चव्वेचाळीस. नर्स एल्वियाने फॉर्मवरून मान वर केली, कारण समोरची बाई पन्नाशी ओलांडलेली दिसत होती. स्कर्ट कमरेवर ठरेना म्हणून डेल्मिराने तो गेल्या तीन महिन्यांत दोनदा आतून शिवून घेतला होता. पण स्कर्टासाठी फॉर्मवर जागा नसते.

पत्ता

पिवळ्या जिन्याच्या माथ्यावर, निळ्या पिंपांच्या मागे. लिमाच्या या टेकडीवर घरांना नंबर नाहीत, पण पाण्याच्या टँकरवाल्याला सगळी घरं ठाऊक असतात. जिन्याला दोनशे चौदा पायऱ्या. मार्चमध्ये डेल्मिरा हातात रॉकेलचा डबा आणि पाठीवर लेकरू घेऊन एका दमात वर यायची. जूनमध्ये दोनदा टेकायची. आता ऑगस्ट होता, टेकडीवर धुकं बसलं होतं ते उठायचं नाव घेत नव्हतं, आणि आपण कितीदा टेकतो हे मोजणं तिने सोडून दिलं होतं.

खोकला किती दिवसांपासून

नर्सला सांगितलं, पंधरा दिवस.

कोपऱ्यावरच्या काढेवालीला सांगितलं, धुळीचा आहे हो, नेहमीचाच.

कोमाद्रे सेनाइदाला सांगितलं, धुकं पडलं तेव्हापासून.

स्वतःला काही सांगायची गरज नव्हती. तिला दिवस माहीत होता. एप्रिलमधला रविवार, सेनाइदाच्या नाएलीचे पहिले केस कापायचे होते. पहिली बट कापायचा मान डेल्मिराचा. पोरीच्या केसांना गुलाबी रिबिनी बांधलेल्या, अंगणात बँड नव्हता पण स्पीकर होता, बिअरची एकच बाटली आणि एकच ग्लास सगळ्यांच्या हातून फिरत होता. डेल्मिरा कात्री घेऊन वाकली आणि छातीतून काहीतरी वर आलं. तिने घाईने तोंड फिरवलं. कात्री थोडी तिरपी लागली. सगळे हसले, "मॅडम न्हावीण घाबरली!" त्या दिवसापासून त्या दोघी कोमाद्रे झाल्या, म्हणजे बहिणींहून जवळच्या, आणि रिवाजाप्रमाणे एकमेकींना तुम्ही म्हणू लागल्या. भांडतानासुद्धा.

त्या दिवसापासूनच खोकला.

घरात राहणाऱ्यांची संख्या

"एकटीच," डेल्मिरा म्हणाली.

नर्सने चौकटीत १ लिहिलं.

हे खोटं नव्हतं. नवरा जंगलात सोनं शोधायला गेला तो तिकडचाच झाला, मुलगा अर्जेंटिनात फरशा बसवतो. रात्री त्या खोलीत डेल्मिरा एकटीच असते. पण सकाळी साडेपाचपासून दुपारी चारपर्यंत तिथे पाच लेकरं असतात. टेकडीवरच्या पाच बायका खालच्या बाजारात बटाटे, पालेभाज्या, मोजे, मोबाईलची कव्हरं विकतात, आणि त्यांची पोरं डेल्मिरा सांभाळते. एकच खोली. खिडकीला थंडीसाठी प्लास्टिक ठोकलेलं. सगळ्यांत लहान नाएली, दोन वर्षांची, दिवसभर डेल्मिराच्या पाठीवर विणलेल्या शालीत बांधलेली. तिचं नाक डेल्मिराच्या मानेला लागलेलं असतं, आणि डेल्मिराने मान वळवली की तोंड तोंडाशी येतं.

फॉर्मने दिवसाचं विचारलं नाही. डेल्मिराने सांगितलं नाही. सांगितलं तर पोरं जातील, हे एक. दुसरं म्हणजे तिचा भाऊ बासिलिओ. तो याच रोगाने, टीबीने, गेला होता, आणि तो जिवंत असतानाच वहिनीने त्याची थाळी आणि चमचा वेगळा ठेवला होता, खिळ्याला टांगून. थाळी वाऱ्याने भिंतीवर वाजायची. डेल्मिराला भावाचा चेहरा आता नीट आठवत नाही, पण तो आवाज आठवतो.

नमुना क्र. १. निगेटिव्ह.
नमुना क्र. २. निगेटिव्ह.

थुंकीचे दोन्ही नमुने तिने नीट, माणसासारखे दिले.

म्हणजे असं. उजाडायच्या आधी उठायचं. पातेल्यात निलगिरीचा पाला उकळायचा, डोक्यावरून घोंगडी घ्यायची आणि वाफ छातीत खोल ओढायची. मग जे काही सुटून येईल ते सगळं, हिरवं, पिवळं, चिकट, दुधाच्या रिकाम्या, राख घातलेल्या डब्यात काढून टाकायचं. छाती रिकामी होईपर्यंत. मग मिठाच्या पाण्याने चुळा, पेस्ट लावून दात, वेणी, धुतलेलं स्वेटर. आणि मग दवाखान्यात जायचं, मागच्या भिंतीपाशी उभं राहून प्लास्टिकच्या डबीत पांढरं, स्वच्छ, फेसासारखं काहीतरी द्यायचं. दुसऱ्या दिवशीची डबी घरूनच, तशीच.

डॉक्टरांसमोर घाण घेऊन जायचं नसतं. आई डोंगरावरच्या गावातून चार तास चालत दवाखान्यात यायची तेव्हा ओढ्यावर थांबून पाय धुवायची, मग आत शिरायची. आणि डेल्मिरा सोळा वर्षांची असताना समुद्राकाठच्या ज्या बंगल्यात कामाला होती तिथली मालकीण, डेल्मिरा जवळ आली की, नाकाला रुमाल लावायची. अशा गोष्टी माणूस दोनदा शिकत नाही.

नर्सने डबी उजेडाकडे धरली होती. "पातळ आहे हो," ती म्हणाली होती.

डेल्मिराला ते कौतुकच वाटलं होतं.

परिणाम (पान उलटून)

सेनाइदा कागद हातात घेऊन नाचायचीच बाकी राहिली. "बघा! दोन-दोन वेळा निगेटिव्ह. मी म्हणतच होते, कोमाद्रे, तुम्हाला रोगबिग काही नाही, तुम्हाला नवरा नाही म्हणून खोकला येतो."

"नवरा होता तेव्हा डोकं दुखायचं."

"मग खोकलाच बरा."

तिनेच खिळा आणला आणि कागद डेल्मिराच्या दारावर ठोकला, बाकीच्या आयांना येता-जाता दिसावा म्हणून. शिक्का वरच्या बाजूला. चारही आयांनी तो वाचला, एकीने फोटोही काढला. सगळ्यांच्या जिवात जीव आला.

दाराच्या आतल्या बाजूला डेल्मिरा तोंडात शालीचं टोक कोंबून खोकत होती.

उपचार

दहा दिवस कॅप्सूल, दिवसातून तीनदा. खोकल्याने कॅप्सुलींना जुमानलं नाही. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घामाने उशी भिजायची. मग खालच्या मोठ्या हॉस्पिटलातून फोटो काढून आणला, छातीचा. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने तो खिडकीला लावला आणि उजवीकडे वर बोट ठेवलं.

"इथे काहीतरी आहे."

"काय आहे?"

"थुंकी म्हणते काही नाही. फोटो म्हणतो आहे. जुना व्रण असू शकतो. पूर्वी कधी टीबी झाला होता?"

"नाही."

"मग दुसरंही काही असू शकतं."

दुसरं म्हणजे काय, हे डेल्मिराने विचारलं नाही. ती डॉक्टरच्या बुटांकडे बघत राहिली. बूट नवे होते, टेकडीच्या चिखलाने काठ भरलेले.

"सहा महिन्यांची औषधं नुसत्या अंदाजावर सुरू करता येत नाहीत, असं नाही," डॉक्टर म्हणाला, "पण मला अजून एकदा नमुना बघू द्या. एक इथे तपासू, एक मोठ्या प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला पाठवू. तिकडून यायला आठवडे लागतात. सेन्योरिता एल्विया घरी येऊन डबी देतील."

"घरी कशाला? मी येते ना."

"पायऱ्या चढताना बघितलंय मी तुम्हाला."

डेल्मिराला पहिल्यांदा कागद आवडेनासा झाला. निगेटिव्ह म्हटल्यावर सगळे निर्धास्त होऊन आपापल्या कामाला लागले होते, आणि ती फोटोतल्या त्या पांढऱ्या डागाबरोबर एकटी उरली होती.

फोटो

तिने तो कपाटामागे ठेवला. पण दुपारी पोरं झोपली की काढायची आणि खिडकीच्या प्लास्टिकला लावून बघायची. फासळ्या आपल्या आहेत यावर विश्वास बसत नसे.

एके दुपारी पाठीवरची नाएली जागी झाली. खांद्यावरून हात काढून तिने बोट नेमकं त्या डागावर ठेवलं.

"ढग," ती म्हणाली.

"हो बाई. ढग."

आणि नाएली खोकली.

एकदाच. कोरडं, लहानसं, मांजरीला शिंक यावी तसं.

डेल्मिराने शाल सोडली, पोरीला मांडीवर घेतलं, कपाळाला हात लावला. गरम नव्हतं. बहुतेक नव्हतं. आपलाच हात गरम असेल तर कसं कळणार? तिने पोरीचा दंड दोन बोटांत धरला. एप्रिलमध्ये इथे वळी होती का? होती ना? सगळ्याच पोरांना असते तशी. मग आता—

परत नाही.

तीन वाजले. बाकीची चौघं उठली, पाव आणि ओट्सचं पाणी झालं, एकाने दुसऱ्याला चमचा मारला. डेल्मिराचे कान फक्त पुढच्या खोकल्याकडे होते.

परत नाही.

साडेतीन. बाहेर पाण्याचा टँकर आला, त्याच्या भोंग्याखाली आवाज दबला असेल तर? ती पोरीच्या पाठीला कान लावून बसली. आत समुद्र होता, सगळ्यांच्याच छातीत असतो तो. की नसतो?

परत नाही. परत नाही.

चारला सेनाइदा आली, बटाट्याच्या मातीने हात काळे, पोरीला उचलून तिच्या पोटावर तोंड घासत. "काय केलं माझ्या म्हातारीने आज?"

सांग, डेल्मिरा स्वतःला म्हणाली. आत्ता सांग.

"झोपली," ती म्हणाली. "चांगली झोपली."

नमुना क्र. ३

एल्विया सव्वापाचला येऊन थडकली. एवढ्या लवकर येईल असं डेल्मिराच्या ध्यानीमनी नव्हतं.

"डोन्या डेल्मिरा, उठलात का? मी दवाखान्यातली एल्विया. सकाळचा पहिला कफ हवा म्हणून म्हटलं लवकर जावं. हा जिना कुणी बांधला हो, त्याला एकदा चढायला लावा."

"आले आले. जरा थांबा, सेन्योरिता. दोन मिनिटं."

पण दाराला कडी नव्हती, पोरांच्या आया ढकलून आत येतात म्हणून. एल्विया आत आली. खोली निलगिरीच्या वाफेने भरली होती, घोंगडी खाली पडलेली, आणि डेल्मिरा हातात टूथब्रश घेऊन राखेचा डबा पायाने मागे ढकलायच्या नादात होती.

"ते काय आहे?"

"तिकडे बघू नका. घाण आहे. टाकायची आहे."

"कुणाची घाण?"

"माझीच की. तुमच्यासाठी स्वच्छ करतेय. झालंच, एवढे दात घासले की देते डबी."

एल्वियाने तोंडाला मास्क चढवला, वाकून डब्यात पाहिलं. राखेत पिवळे बेडके होते, आणि एकावर तांबडी रेघ. ती सरळ झाली आणि पोरांच्या बुटक्या स्टुलावर बसली. गुडघे हनुवटीशी आले.

"मागच्या दोन्ही वेळा असंच केलंत?"

"मग काय तशीच येऊ? इतकी काही अडाणी नाही मी."

एल्विया हसली नाही.

"डोन्या. आम्हाला तीच घाण हवी होती."

पातेल्यातलं पाणी अजून हलकं उकळत होतं. डेल्मिराच्या हातातल्या ब्रशवर पेस्ट होती, ती तिने बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"तुम्ही म्हणालात चूळ भरा."

"साध्या पाण्याने. म्हणजे जेवणाचे कण निघतात. छाती रिकामी करून या असं नाही म्हटलं. रोग त्यात असतो. तुम्ही मला तोंडातली लाळ दिलीत, दोनदा, आणि मी तिच्यावर निगेटिव्ह लिहिलं." ती थांबली. "पातळ आहे असं म्हणालेही मी. म्हणाले आणि घेतली."

"आता द्यायला काही उरलंच नाही," डेल्मिरा हळूच म्हणाली. "सगळं काढलं मी."

"राखेतलं चालत नाही. उद्या. उद्या काही करायचं नाही. वाफ नाही, पेस्ट नाही, काही नाही." मग तिला काहीतरी सुचलं. "हे वाफेचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला हवं? सगळेच करतात. खालची फोर्तुनाता करते. गॅसवाला फिदेल करतो, त्याची बायको तर त्याला साबणाने गुळण्या करायला लावते. तुमच्याकडे यायचं म्हणजे स्वच्छ नको यायला?"

एल्वियाने पिशवीतून रजिस्टर काढलं. बोट ओळींवरून खाली जाऊ लागलं. पान उलटलं. बोट खाली गेलं. पान उलटलं. मास्कमुळे तिचे फक्त डोळे दिसत होते. नर्सला घाबरलेलं डेल्मिराने याआधी कधी बघितलं नव्हतं.

"फिदेलला तीनदा निगेटिव्ह आहे," एल्विया म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

दार ढकललं गेलं.

"काय कोमाद्रे, आज सरकार घरी आलंय? आणि मला बोलावलं नाही!" सेनाइदा होती. डोक्यावर हॅट, पाठीवर शालीत नाएली. तिने सवयीने गाठ सोडली आणि पोरीला पुढे केलं. "घ्या तुमची म्हातारी. ट्रक आलाय, बटाटे उतरतायत, आज मला बोलायला वेळ नाही."

नाएलीने दोन्ही हात पसरले. डेल्मिराचे हात आपसूक वर आले. अर्ध्यातून तिने ते मागे घेतले आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले, ब्रशसकट.

"आज नको."

"आज नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. परत न्या तिला."

"कोमाद्रे, ट्रक उभा आहे. रुसायचं तर चार वाजता रुसा." तिने नर्सकडे पाहिलं, मास्ककडे पाहिलं, आणि तिचं हसू जरा खाली आलं. "काय झालंय? दोन वेळा निगेटिव्ह आहे की. दारावर आहे."

डेल्मिरा तिच्या बाजूने दारापाशी गेली, श्वास रोखून. कागद ओढला. खिळ्यापाशी तो फाटला, शिक्का दारावरच राहिला.

"हा कागद माझा नाही. माझ्या धुतलेल्या तोंडाचा आहे."

"म्हणजे?"

"अजून नक्की काही नाही," एल्विया उठत म्हणाली. "उद्या तपासल्याशिवाय—"

"मला नक्की आहे," डेल्मिरा म्हणाली.

"कधीपासून नक्की आहे तुम्हाला?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. धुकं पडल्यापासून, असं म्हणता आलं असतं.

"केस कापले त्या दिवसापासून."

सेनाइदाने नाएलीला छातीशी घेतलं, शालीचं टोक तिच्या तोंडावरून ओढलं आणि एक पाऊल मागे गेली. एकच. टाच उंबऱ्याबाहेर पडली. चार महिने डेल्मिरा ज्याला भीत होती ते हेच पाऊल होतं. तिला वाटलं होतं ते आलं की आपण कोसळू. ती उभी होती.

"अजून एक आहे," ती म्हणाली. शब्द खोकल्यात अडकले, ती भिंतीकडे तोंड करून खोकली, बराच वेळ. "काल दुपारी ही खोकली. एकदाच. मी तुम्हाला झोपली म्हणून सांगितलं."

शालीखाली पोर रडायला लागली होती, तिला डेल्मिराकडे यायचं होतं.

"दोनदा," सेनाइदा म्हणाली. "घरी आल्यावर अजून एकदा. मी म्हटलं धूर लागला असेल."

ती वळली आणि पायऱ्या उतरू लागली. बाजाराच्या दिशेने नाही, तिच्या घराच्या दिशेने. हॅट डोक्यावरून पडली ती तिथेच राहिली, दारात.

नमुना क्र. ३ (पुन्हा)

पारोसं तोंड. न विंचरलेले केस. रात्री घामाने भिजलेलं तेच स्वेटर. डेल्मिरा पिंपांमागे उभी राहिली, वाऱ्याकडे पाठ करून. एल्विया वाऱ्याच्या बाजूला, चार हातांवर. खालून दोन बायका रिकाम्या बादल्या घेऊन वर येत होत्या, त्या बघणार होत्या, बघितलंच त्यांनी.

"खोल श्वास. धरा. आता पोटातून."

आलं नाही. लाजेने आलं नाही. आयुष्यभर जे लपवून ओकायचं ते भर उजेडात, नर्ससमोर, पारदर्शक डबीत. दुसऱ्या वेळी थोडं आलं. तिसऱ्या वेळी छातीच्या तळातून काहीतरी सुटलं आणि डबीत जड पडलं. तिने झाकण लावलं. झाकणाचे आटे तिरपे बसले, ते परत लावावं लागलं.

"चांगला आहे," एल्विया म्हणाली.

"घाण आहे."

"तेच म्हणतेय."

परिणाम

दोन क्रॉस. पॉझिटिव्ह.

तो दिवसभराचा वेळ कसा गेला ते तिला नंतर आठवलं नाही. बातमी कळून बाकीच्या चार पोरांच्या आयांनी पोरं आणलीच नव्हती. घर इतकं मोकळं तिने कधी पाहिलं नव्हतं. दारावरच्या खिळ्याकडे तिने दोनदा पाहिलं, मग उठून तो उपटूनच टाकला.

दवाखान्यात डॉक्टरने गोळ्या मोजून समोर ठेवल्या, सगळ्या एका वेळी, इथेच, आमच्या डोळ्यांदेखत, सहा महिने. मोठ्या प्रयोगशाळेचंही येईल, हीच औषधं चालतात की नाही ते तिथून कळेल. डेल्मिराने गिळल्या. तिला वाटलं होतं, नाव कळलं की भीती कमी होईल. भीती तितकीच होती. फक्त आता ती तिच्या छातीतून निघून पाच ठिकाणी जाऊन बसली होती.

एल्वियाने जुनाच फॉर्म काढला. घरात राहणाऱ्यांची संख्या, पुढे तिचाच १. पेन त्यावर टेकवून ती थांबली.

"हे खरं आहे?"

"रात्रीपुरतं."

एल्वियाने एकावर काट मारली.

"सांगा."

नावं तोंडातून निघेनात. ही नावं ती रोज शंभरदा हाका मारत होती, शिव्या घालत होती, आणि आता एकेक नाव म्हणजे त्या पोराच्या छातीवर बोट ठेवल्यासारखं होतं. जॉर्डी, चार वर्षं. बेरेनीस, तीन. तिचा चुलतभाऊ मिल्टन, पाच, तो दाराजवळ बसायचा, त्याला कमी लागलं असेल ना? एल्वियाने नुसतं लिहिलं. येत्स्ली, साडेतीन. चौकट भरली. एल्वियाने फॉर्म उलटला.

"अजून?"

"नाएली," मागून आवाज आला. "नाएली पोमा. दोन वर्षं एक महिना. पहिलं लिहायला हवं होतं, दिवसभर हिच्या मानेला चिकटून असायची."

सेनाइदा दारात उभी होती, आत न येता. पाठीवर शाल, शालीत हालचाल. हॅट नव्हती, ती अजून डेल्मिराच्या घरी होती.

डेल्मिराने मास्क नाकावर नीट ओढला. "सेनाइदा," ती म्हणाली. कोमाद्रे म्हणायचा हक्क राहिला की नाही तिला कळेना.

"माझ्याशी बोलू नका. मी नर्सशी बोलायला आलेय." ती एल्वियाकडे वळली. "हिची तपासणी कशी करायची? हिला थुंकता येत नाही. नाकातनं आलं तरी गिळते."

"म्हणूनच पोटातून काढतात. उद्या खालच्या हॉस्पिटलात. नाकातून बारीक नळी घालतात, रडेल, पण पटकन होतं. फोटो काढू, हातावर टोचून बघू. रात्रीनंतर काही खायला-प्यायला द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. झोपेतून उचलायची आणि तशीच आणायची. आणि हे बघा—" तिने आवाज चढवला, बाहेर बाकावर बसलेल्या चार-पाच जणांनाही ऐकू जावं म्हणून. "काही धुवायचं नाही. वाफ नाही, गुळण्या नाहीत. कुणीच."

बाकावरच्या फोर्तुनाताने हळूच तोंडाला शाल लावली.

"तोंडही नाही धुवायचं?" सेनाइदाने विचारलं.

"तोंडही नाही."

"शेंबूड असेल तर?"

"असू दे."

सेनाइदा जायला वळली, आणि वळता वळता डेल्मिराकडे न बघता म्हणाली, "ती सकाळपासून तुम्हाला शोधतेय. काय सांगू तिला?"



दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती पिंपांपाशी येऊन उभी राहिली, मास्क लावून, हातात सेनाइदाची हॅट. धुकं जिन्याच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. खालच्या घराचं दार उघडलं आणि सेनाइदा बाहेर पडली. तिने पोरीला पाठीवर बांधलं नव्हतं, दोन्ही हातांवर आडवी घेतली होती. टेकडीवर कुणी लेकराला असं पारोसं घराबाहेर काढत नाही, दवाखान्यात नेताना तर नाहीच. नाएलीचे केस पिंजारलेले होते, गालावर सुकलेल्या शेंबडाचा पांढरा पट्टा, एका पायात मोजा, दुसरा उघडा. बादल्या घेऊन चढणाऱ्या बायका बाजूला झाल्या आणि बघत राहिल्या. सेनाइदाने कुणाकडे पाहिलं नाही. तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल, किंवा पायऱ्या मोजत असेल.

डेल्मिरा कान देऊन ऐकत होती.

धुक्यात शिरायच्या आधी त्या उघड्या पायाची बोटं हलली. मग दोघी दिसेनाशा झाल्या, आणि खालून, पांढऱ्यातून, एक लहानसा खोकला आला. मग नुसती पावलं. डेल्मिरा उभी राहिली, हॅट छातीशी धरून, पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत, आणि त्यानंतरही.